उलटा मामा

आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू कुणाशी हात मिळवायच्या आधी नळाला हात लावायचे. नळ नसला तर खिडकीचा गज, गज नसला तर जिन्याचा लोखंडी कठडा. एकदा पोस्टमन पार्सलावर सही घ्यायला आला, तर त्यांनी आधी त्याची सायकल धरली आणि मग पेन हातात घेतलं. पोस्टमन बिचारा दचकला. म्हणाला, "सोडा हो सायकल, पोस्टाची नाय ती, माझी सोताची हाय."

माणसाच्या अंगात वीज साठते म्हणे. ती लोखंडातून जमिनीत सोडून दिली नाही आणि तसाच हात लावला, की नाजूक चिप जागच्या जागी मरते. मी एकदा म्हटलं, "भावजी, कर्जतच्या हवेत श्रावणात पापड वाळत नाय, कपडे वाळत नाय, तुमच्या अंगात वीज कुठनं साठते?" तर म्हणाले, "वहिनी, सवय मोडली की चिप जाते." पण पोस्टमनच्या अंगात कुठली आली चिप? ते काही त्यांना पटायचं नाही. कडावला माझ्या पुतणीच्या हळदीला त्यांना घेऊन गेलो, तर मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावून मगच नवरीच्या बापाला हात दिला. पाहुण्यांना वाटलं, फार देवाधर्माचा माणूस दिसतो, मांडवाला नमस्कार करतोय. त्यांचं बघून दोन म्हाताऱ्या खांबाला हात लावून पुढं गेल्या.

त्यांना नाव होतं, चांगलं लांबलचक होतं, पण आमच्या घरात ते 'वरचे'. "वरचे आले का?" "वरच्यांना भाकरी पोचली का?" असंच चालायचं. भाकरी पोचली की ताटली परत येताना बरोबर काहीतरी शेरा यायचा. त्यांच्याकडं दोन दातांची एक मोजपट्टी होती, तिच्या चिमट्यात धरून केसाचीही जाडी मोजता येते. तिनं ते माझी तांदळाची भाकरी मोजायचे. "वहिनी, आज काठाला जाड आहे." मी म्हणायची, "मग दाताला विचारा ना, पट्टीला कशाला विचारता?" त्यावर हसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी परत मोजायचे.

आधी ते खालापूरच्या पुढं एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होते. कारखाना बंद पडला. बाकीचे लोक दुसऱ्या नोकऱ्या शोधत पनवेल, तळोजा करत फिरले, आणि हे वरच्या खोलीत बसून जुन्या टीव्ही गेमचे बोर्ड बनवायला लागले. टीव्ही गेम म्हणजे आपल्या वेळचे, कॅसेट काढून फुंकर मारून परत खोचायचो ते. ती मशीनं अजून जगात हजारो लोकांनी जपून ठेवलीत म्हणे. पण आताच्या चपट्या टीव्हीला ती लावली की चित्रच येत नाही, आलं तर फिसकटतं. मग दोघांच्या मधे बसवायला एक बोर्ड लागतो, बिस्किटाएवढा, हिरवा. तसा तयार बोर्ड बाजारात मिळत नाही. प्रत्येक मशीनचं पोट वेगळं, त्यामुळं बोर्डही ज्याचा त्याला वेगळा काढावा लागतो. ते काम वरच्यांचं. कुठं जर्मनीला, कुठं ब्राझीलला त्यांचे बोर्ड जायचे.

त्या बोर्डाला ते मामा म्हणायचे.

"वहिनी, हे जुनं मशीन म्हणजे जुन्या वळणाची मुलगी," एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "आणि हा टीव्ही म्हणजे शहरात वाढलेला मुलगा. दोघं चांगली आहेत, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. मधे मामा बसवायचा. त्यानं इकडचं तिकडं नीट पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही."

"आणि आमच्या मामासारखा मानपानावरनं रुसून बसला तर?"

"तर तो काढायचा आणि दुसरा बनवायचा," म्हणाले. एकदम गंभीर चेहऱ्यानं.

त्यांचा एक नियम होता. बोर्ड कागदावर काढून झाला की तो खऱ्या मापात छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कातरीनं कापायचा आणि मशीनच्या पोटात ठेवून द्यायचा. आणि तसाच ठेवायचा, चांगला आठवडा आठवडा. येता जाता वाकून बघायचं. मी विचारायची, "बसला ना एकदा? मग आता काय उबवताय का त्याला?" तर म्हणायचे, "आधी बसू द्या, मग बोलू." पाहुणे आले तरी तेच वाक्य, रेशनचा माणूस आला तरी तेच वाक्य. कुणीही कसली घाई केली की, "आधी बसू द्या, मग बोलू." रेशनवाला आपला खुर्ची शोधायचा.

आणि चूक म्हणाल तर त्यांना खपायचीच नाही. एकदा बाहेरच्या कंपनीतून बोर्डांचं मोठं खोकं बनून आलं. सगळे बोर्ड चालत होते, मी स्वतः बघितलं, टीव्हीवर लख्ख चित्र येत होतं. पण त्यांच्या वर जी पांढरी अक्षरं छापली होती ती जराशी तिरकी आली होती. जराशी म्हणजे मला तर त्यांनी बोट ठेवून दाखवेपर्यंत दिसलं नाही. ह्या माणसानं गच्चीवर बसून पत्रा कापायच्या कातरीनं ते सगळे बोर्ड कापून टाकले. मी ओरडले, "अहो, आतनं बरोबर हाय ना!" तर म्हणाले, "चूक ती चूक, वहिनी. ती माझ्या नावानं दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते." त्या तुकड्यांवर मी कितीतरी दिवस चहाचे कप ठेवले.

आता असा माणूस आमच्याकडं आला कसा, ते सांगते. आमच्या ह्यांचं शाळेजवळ पूर्वी गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की पोरांची ही झुंबड. हे स्वतः विमानाच्या गेमात एक नंबर. उजव्या अंगठ्यानं गोळ्या अशा झाडायचे की पोरं त्यांना मशीनगन म्हणायची. लग्न ठरवायला आमची माणसं आली तेव्हा नवरा मुलगा दुकानात पोरांशी पैज लावून खेळत होता, तो उठेना. माझा बाप बाहेर उभा. गेम संपल्यावर आला आणि म्हणाला, "माफ करा, शेवटचा राक्षस राहिला होता." बापाला राग यायच्या ऐवजी हसूच आलं, म्हणून माझं लग्न झालं. पुढं मोबाईल आले, पोरं गेली, दुकानात रिचार्ज आणि मोबाईलची कव्हरं आली. जुनी मशीनं खोक्यात भरून हे माळ्यावर ठेवून बसले. रफिकभाईंचं कशेळ्याला भंगाराचं दुकान आहे, हे आणि ते शाळेपासूनचे दोस्त. त्यांना मी किती वेळा म्हटलं की ती खोकी घेऊन जा. ते म्हणायचे, "वहिनी, मी नेली तर हा माझ्याशी जल्मात बोलायचा नाय."

वरच्यांना त्या खोक्यांची बातमी रफिकभाईंकडूनच लागली. खोली बघायला आले तेव्हा पाणी कधी येतं, लाईट जाते का, काही विचारलं नाही. नळाला हात लावला, ह्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "माळा बघू शकतो का?" शिडीवर चढून खोकं उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाले, "खोली घेतो." खोली त्यांनी सामान आल्यावर बघितली. मग काय, दोघांचं गूळपीठ जमलं. रविवारी दुपारी वर बसून दोघं खेळायचे. आमचे हे जिंकायचे आणि वरचे हरायचे, आणि हरल्यावर मशीन उघडून तपासायचे.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. सकाळी दुकानात गिऱ्हाइकाला मोबाईल दाखवताना हातातून पडला आणि मागोमाग हेही स्टुलावरून खाली. रफिकभाईंनी टेंपोत घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. पाय हळूहळू ओढत का होईना, चालायला लागला. बोलणं अर्धं अर्धं यायचं, शब्द दारापर्यंत येऊन परत फिरायचा. पण उजवा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून नुसता लोंबायचा.

व्यायाम शिकवायला एक डॉक्टरीण यायची, तरुण पोर, पण खमकी. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, हातात थोडी थोडी ताकद येतेय. पण काका तो हलवायचा प्रयत्नच करत नाहीत. हेच महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता वापरला नाही तर मग कठीण." तिनं एक रबरी चेंडू दिला, दाबायला. मी तो ह्यांच्या मुठीत ठेवायची, हे सोडून द्यायचे. मी उचलून परत ठेवायची, परत सोडायचे. कुणी भेटायला आलं की तो हात पंचाखाली लपवायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी समजावलं, भांडले, रडले. देवाला बोलले. एकदा तर रागानं चेंडू अंगणात भिरकावला आणि मग स्वतःच शोधायला गेले. माणूस जिवंत घरी आणला होता मी, पण तो आलाच नव्हता. मला रात्रंदिवस एकच भीती. हे महिने असेच गेले तर काय करू?

अख्खी आळी येऊन गेली. ज्यांचं तोंड बघायची इच्छा नाही तेही फळं घेऊन आले. आणि जिन्यावरून चार पावलं खाली उतरलं की आमचं दार, तरी हा वरचा माणूस येईना! दूध आणायला मान खाली घालून निघून जायचा. मला असला संताप यायचा. मी भाकरी पाठवायची बंदच केली. म्हटलं, मोजा आता हवा.

आणि एक दिवस दुपारी आले. मोरीत जाऊन नळाला हात लावला, ह्यांच्या पुढ्यात खाली बसले आणि खिशातून ती मोजपट्टी काढून ह्यांचं पाऊल मोजायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"काय हो भावजी, इतक्या दिवसांनी आलात ते तिरडीचं माप घ्यायला?"

त्यांचे कान लाल झाले. "नाही वहिनी. डाव्या पायाचं घेतोय. पायडल करायचंय."

मग त्यांनी सांगितलं. इतके दिवस ते वर बसून ह्याचाच विचार करत होते. गेम खेळायला दोन हात लागतात. डाव्यानं विमान हलवायचं, उजव्यानं गोळी मारायची. तर उजव्याला त्रासच द्यायचा नाही. एका पाटावर मोठा दांडा बसवायचा, डाव्या हातासाठी. गोळीसाठी डाव्या पायाखाली पायडल, माझ्या शिलाई मशीनचं जुनं होतं ते. पाटाच्या उजव्या बाजूला वाटीएवढं एक लाल बटण, गेम चालू करायला आणि मधेच थांबवायला, ते मी दाबायचं. आणि हे सगळं मशीनला जोडायला मधे मामा.

"पण डॉक्टरीण तर उजवा हात वापरा म्हणते," मी म्हटलं.

"वहिनी, ते भिंतीकडं बघतायत. आधी टीव्हीकडं तर बघू दे."

हे मला पटलं. पण त्यांच्या पद्धतीनं गेलं असतं तर पुठ्ठा आठवडाभर बसणार, मग बोर्ड बाहेरून बनून येणार. मी म्हटलं, "भावजी, तुमचा मामा लग्नाला पोचेस्तोवर हिकडं नवरदेव म्हातारा होईल. घरी नाय का करता येत?" त्यांनी पट्टी खिशात घातली. मग म्हणाले, "इस्त्री आहे का?"

मला वाटलं शर्ट करायचाय. तसं नव्हतं. गुळगुळीत कागदावर बोर्डाच्या रेघा छापायच्या, तो कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. रेघा पत्र्यावर उतरतात. मग पत्रा औषधात बुडवला की रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं जातं. माझ्याच धुण्याच्या टबात केलं त्यांनी ते सगळं. टब पिवळा झाला तो झाला, आणि इस्त्रीच्या तळाला काळं चिकटलं ते माझ्या हळदीकुंकवाच्या साडीवर उमटलं. पण आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसानं कशाची तरी घाई केली होती, म्हणून मी साडी गुमान घडी करून ठेवली.

रविवारी दुपारी पाट मांडला. रफिकभाई मुद्दाम कशेळ्याहून आले. हे भिंतीकडं तोंड करून होते, त्यांना आम्ही खुर्चीसकट फिरवलं. पंचा उजव्या हातावर होताच. टीव्हीवर चित्र आलं, काळं आकाश आणि खाली ते छोटं विमान. ह्यांनी बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडंच बघत होते, त्यांनी खरंच बघितलं. डावा हात मी दांड्यावर ठेवला, रफिकभाईंनी डावा पाय पायडलवर.

"वहिनी, लाल बटण दाबा, गेम चालू होईल," वरचे म्हणाले.

मी दाबलं. काही नाही. परत दाबलं, जोरात दाबलं. काही नाही. तेवढ्यात ह्यांचा पाय पायडलवर जरा टेकला आणि ढॅण्टढॅण् करत गेम चालू झाला.

वरच्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "उलटं झालं," ते म्हणाले. "पायाचं बटणाला गेलं आणि बटणाचं पायाला. इस्त्रीनं उतरवताना डावं-उजवं आरशासारखं फिरतं, म्हणून छापतानाच उलटं छापायचं असतं. ते राहिलं. कारखान्याकडून करून घ्यायची सवय... बंद करा, बंद करा!"

पण गेम कुणासाठी थांबतोय? वरून शत्रूची विमानं यायला लागली. ह्यांचा डावा हात दांड्यावर हलला. विमान डावीकडं गेलं, उजवीकडं आलं, बरोबर मधून निसटलं. हात विसरला नव्हता! मग सांगितल्याप्रमाणं गोळी मारायला पाय दाबला, तर सगळं चित्र जागच्या जागी थांबलं. परत दाबला, चालू. परत दाबला, परत थांबलं, पुन्हा दाबला, पुन्हा चालू. आमच्या दुकानात कुणी मधेच गेम थांबवला तर हे त्याला बाहेर काढायचे. ह्यांचं तोंड लाल झालं आणि ह्यांनी एक शिवी घातली. अख्खी, मोठी, न अडखळता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण बोलले ते ही शिवी. माझ्या बापानं ऐकली असती तर तेव्हा लग्न झालं नसतं, पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"थांबा, मी मारते गोळी," म्हणून मी लाल बटणाकडं हात नेला.

"हात... काढ," हे म्हणाले.

आणि पंचा घसरला. खांदा वर उचलला गेला, आणि तो हात, जो मी रोज धुवायची, पुसायची, उशीवर ठेवायची, तो पाटावरून ओढत ओढत आला आणि बदकन लाल बटणावर पडला. एक गोळी सुटली. एक विमान फुटलं. हात परत जरासा उचलला, परत पडला. परत एक फुटलं.

"मार रं! मार!" रफिकभाई उभे राहून ओरडायला लागले. "सोडू नको रं, मशीनगन!" मी पदर तोंडात कोंबला होता, नाहीतर मी काय ओरडले असते कुणास ठाऊक. आणि हा आमचा वरचा माणूस टीव्हीच्या मागं उकिडवा बसून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन पुटपुटतोय, "माझी चूक आहे, माझी चूक आहे, एक मिनिटात सरळ करतो." रफिकभाईंनी त्यांची कॉलर धरली.

"इंजिनेर, हात लावशील तर बघ!"

पुढं रोज दुपारी पाट मांडायचा हे ठरूनच गेलं. डॉक्टरीण आली, तिनं बघितलं, आणि खूश होऊन म्हणाली, "ज्यांनी हे केलंय त्यांना सांगा, फार छान डोकं लावलंय." मी वर जाऊन सांगितलं. वरच्यांचं तोंड आणखीच उतरलं. "डोकं लावलं असतं तर असं झालंच नसतं," म्हणाले. मला एकदा शंका आली, हा माणूस तसा पोचलेला, मुद्दाम तर केलं नसेल? सरळ विचारलं. त्यावर ते इतके दुखावले की आठवडाभर माझ्या भाकरीला त्यांनी पट्टी लावली नाही. "वहिनी, मी? मुद्दाम? चूक?"

खरं सांगते, त्यांना तो उलटा बोर्ड आमच्या घरात आहे हे सहनच होत नव्हतं. वर त्यांनी सरळ बोर्ड कधीच बनवून ठेवला होता, ह्या खेपेला बाहेरून, रीतसर, पुठ्ठा बसवून. कधी साखर मागायला यायचे आणि डोळा पाटावर. मी बाजारात गेले की खाली येतात असं शेजारणीनं सांगितलं, तेव्हा मी घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले. ह्यांना सांगितलं, "वरचे आले तर पाटावरनं उठायचं नाय." हे हसले. अर्धंच हसू, तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसले.

हात पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. दाबायला यायला लागलं, नंतर बोटं उघडायला लागली, दिवाळीपर्यंत हे दुकानात अर्धा दिवस बसायला लागले. पण धरता काही येईना. पाण्याचा पेला दिला की बोटं त्याच्याभोवती यायची आणि पेला खाली. चेंडूचं तेच. डॉक्टरीण म्हणायची, पकड सगळ्यात शेवटी येते, काहींची येतही नाही. मी मनाला सांगून ठेवलं होतं की इतकं मिळालं हेच पुष्कळ. सांगितलं होतं, पण रोज सकाळी चहाचा कप द्यायची तो उजव्याच हातात द्यायची. कप प्लॅस्टिकचा घेतला होता.

मग वरच्यांच्या बहिणीचं रोह्याहून बोलावणं आलं. थोरली बहीण, एकटीच, आता तिला कुणीतरी सोबत हवं होतं. त्यांनी महिनाभर आधी सांगितलं, पण आम्हाला ते खरंच वाटलं नाही. रफिकभाईंचा टेंपो दारात लागला, खोकी खाली उतरली, तेव्हा वाटलं. आमचे हे नेहमीसारखे पाटाशी बसले होते, उजवा हात लाल बटणावर.

वरचे आत आले. मोरीत जाऊन नळाला हात लावला. मला वाटलं, निरोपाचा हात मिळवणार. तर शर्टाच्या खिशातून तो हिरवा बोर्ड काढला, दुसऱ्या खिशातून स्क्रूड्रायव्हर.

"वहिनी, आता तर हात चालतोय. जाता जाता सरळ करून देतो. लगेच होईल. मला तिकडं झोप लागणार नाही हो."

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. म्हटलं, "ज्याचा हाय त्याला विचारा."

ते खाली वाकले आणि पाटाच्या कडेच्या स्क्रूला हात घातला. ह्यांचा उजवा हात बटणावरून उठला, हळूहळू, आणि त्यांच्या मनगटावर पडला. आधी नुसता पडला. मग बोटं वळली. अंगठा पलीकडून आला.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

"पण चूक आहे ती."

"ऱ्हाऊ दे, म्हटलं ना."

वरच्यांनी हात ओढला. सुटेना. परत ओढला. मनगटाची कातडी बोटांखाली पांढरी पडलेली मला उभ्या जागेवरून दिसत होती. दारात रफिकभाई खोकं घेऊन तसेच थांबले.

"अहो, सोडा," वरचे म्हणाले. "दुखतंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही येत होतं.

"भावजी," मी म्हटलं, "परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्या हाताकडं बघितलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ओढायचं सोडून दिलं आणि मनगट तसंच राहू दिलं.

"दुखतंय हो, वहिनी," ते म्हणाले. "खूप दुखतंय."